नाशिकरोडचा पिनकोड मूळ संख्या आहे हे कसं सिद्ध करायचं

नाशिकरोडचा पिनकोड ४२२१०१ ही मूळ संख्या आहे: १ आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. सरळ भागाकाराने हे दाखवायचं तर ११८ भागाकार करावे लागतात. खाली दिलेल्या रीतीने १७ गुणाकार (दर वेळी बाकी काढून), एक मसावि आणि शेवटी तपासणीचा एकच भागाकार पुरतो. हीच रीत थोड्या फरकाने चार कोटी अंकांच्या संख्येलाही लागू पडते, म्हणून ती नीट हातात बसवून घ्यावी.

रीतीमागची कल्पना साधी आहे. मोठी संख्या मूळ आहे का, हे तिच्याकडे बघून कळत नाही. तिच्या शेजारणीकडे बघायचं, म्हणजे एकाने कमी किंवा एकाने जास्त असलेल्या संख्येकडे. शेजारीण लहान लहान अवयवांत फुटत असेल तर काम झालंच म्हणून समजा.

लागणारं सामान: बारा अंकी कॅल्क्युलेटर (किराणा दुकानाच्या गल्ल्यावर असतो तो), चौकटीची वही आणि ६५० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी. दहा अंकी सायंटिफिक कॅल्क्युलेटर इथे उपयोगाचा नाही. अकरा अंकी गुणाकार तो घातांकात दाखवतो आणि नेमके शेवटचे अंक, जे आपल्याला हवे असतात, तेच दिसत नाहीत.

आधी साधा भागाकार

नियम शाळेतलाच. संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. कशानेच भाग गेला नाही तर संख्या मूळ. सहा अंकी नाशिककर पिनकोडांचं वर्गमूळ साधारण ६४९.६ येतं आणि तिथपर्यंत ११८ मूळ संख्या आहेत.

सरावासाठी ४२२००१ ते ४२२०१३ हा पट्टा घ्या. सम संख्या आणि शेवटी ५ असलेली ४२२००५ आधीच बाद. अंकांची बेरीज ३ च्या पाढ्यात येते म्हणून ४२२००१, सातपूरची ४२२००७ आणि ४२२०१३ बाद. उरल्या तीन: पंचवटीची ४२२००३, मग ४२२००९ आणि ४२२०११.

७, ११ आणि १३ यांच्यासाठी तीन वेगळे भागाकार करू नका. ७×११×१३ = १००१. म्हणून सहा अंकी संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन तुकडे पाडा आणि मोठ्यातून धाकटा वजा करा. ४२२००९ साठी ४२२ − ९ = ४१३, आणि ४१३ म्हणजे ७×५९. म्हणजे ४२२००९ ला ७ ने भाग जातो (७ × ६०२८७). ४२२००३ साठी ४१९ येतात, त्यांना ७, ११, १३ पैकी कुणीच भागत नाही. पंचवटी इथे सुटते, पण ३१ ला सापडते: ३१ × १३६१३.

४२२०११ मात्र चिवट आहे. १०० पर्यंतच्या पंचवीस मूळ संख्यांनी भाग जात नाही, २०० पर्यंत नाही, ३०० पर्यंत नाही. बहुतेक जण इथे कंटाळतात आणि ‘मूळ’ म्हणून मोकळे होतात. ३८९ ने भागल्यावरही बाकी ३३५ उरते. त्यापुढची ३९७, यादीतली अठ्ठ्याहत्तरावी मूळ संख्या, आणि ३९७ × १०६३ = ४२२०११. म्हणजे त्या तेरा आकड्यांत एकही मूळ संख्या नाही. एवढ्या आकाराच्या संख्यांत सरासरी तेरांत एक मूळ असते, पण सरासरी ही सरासरीच.

यादीबद्दल एक गोष्ट. तुमच्या यादीत चुकून ३९१ (१७×२३) किंवा २९९ (१३×२३) घुसली तर नुकसान फक्त एका फुकटच्या भागाकाराचं. पण ३९७ गाळली गेली तर उत्तरच चुकलं. म्हणून शंका आली की संख्या यादीत ठेवावी, काढू नये.

कॅल्क्युलेटरवर बाकी काढताना दशांशाकडे बघून अंदाज करू नका. भागाकाराचा पूर्णांक वहीत लिहा, तो भाजकाने गुणा आणि ज्याला भागलं त्या आकड्यातून वजा करा. हा एक जास्तीचा टप्पा का लागतो ते पुढे एका ठिकाणी स्वच्छ दिसेल.

आता शेजारीण

४२२१०१ ची धाकटी शेजारीण ४२२१००. तिचे अवयव पाडा: शेवटचे दोन शून्य म्हणजे १००, उरले ४२२१, ते ९ × ४६९, आणि ४६९ = ७ × ६७. एकूण २×२×३×३×५×५×७×६७. शेजारीण पूर्ण फुटली, तीही तोंडी. अशी संख्या मिळणं नशिबाची गोष्ट आहे. यादृच्छिक निवडलेल्या मोठ्या संख्येच्या शेजारणी सहसा एवढ्या गरीब नसतात.

करायचं ते असं. २ चा मोठा घात घ्यायचा, पण प्रत्येक पायरीला ४२२१०१ ने भागून फक्त बाकी ठेवायची. २ चा एकविसावा घात आपण २^२१ असा लिहू.

बाकी शक्य तितकी लहान ठेवायला ऋण बाकी चालू द्या. बाकी २११०५० पेक्षा मोठी आली की तिच्यातून ४२२१०१ वजा करा. असं केलं की कुठलाही वर्ग अकरा अंकांच्या पुढे जात नाही.

२^२१ = २०९७१५२. यातून ४२२१०१ पाच वेळा वजा केले तर −१३३५३. इथून पुढे घातांक असे चढवायचे:

२^४२ → १७५९८७
२^६३ → −११८१४४
२^१२६ → −३११३२
२^२५२ → ५७५२८
२^३१५ → ८२२७०
२^६३० → −३६६३५
२^१२६० → −१५७९५५
२^१५७५ → −१५६४६४
२^३१५० → −३०५०२
२^६३०० → ६१४००
२^१२६०० → १७५९६९
२^२५२०० → १८१७०२
२^५०४०० → १४२८८७
२^१००८०० → ९१५००
२^१०३९५० → −११८८
२^१०५५२५ → १५४७९२
२^२११०५० → −१

बहुतेक पायऱ्या वरच्या ओळीच्या वर्गाच्या आहेत. जिथे घातांक दुप्पट नाही तिथे आधीच्या दोन ओळींचा गुणाकार आहे: ६३ म्हणजे ४२ आणि २१, ३१५ म्हणजे २५२ आणि ६३, १५७५ म्हणजे १२६० आणि ३१५, १०३९५० म्हणजे १००८०० आणि ३१५०, आणि १०५५२५ म्हणजे १०३९५० आणि १५७५. घातांकांची बेरीज, बाक्यांचा गुणाकार. उलटं करू नका.

प्रत्येक पायरीनंतर ९ ची कसोटी लावा, कारण एका पायरीची चूक पुढे सगळीकडे पसरते आणि शेवटी काहीतरी अर्थहीन सहा अंकी बाकी मिळते. ४२२१०१ ची अंकबेरीज १०, म्हणजे १. त्यामुळे इथे कसोटी फारच सोपी होते: वर्गाची अंकबेरीज आणि (भागाकार + बाकी) यांची अंकबेरीज एकच यायला हवी. उदाहरणार्थ ३११३२ चा वर्ग ९६९२०१४२४, अंकबेरीज ३७, म्हणजे १. भागाकार २२९६, अंकबेरीज १९, म्हणजे १. बाकी ५७५२८, अंकबेरीज २७, म्हणजे ०. एक आणि शून्य, एक. जमलं. बाकी ऋण करून घेणार असाल तर त्याआधीच्या धन बाकीवर कसोटी लावा. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तर ही कसोटी गप्प बसते, एवढं ध्यानात असू द्या. कॅल्क्युलेटरवरून वहीत उतरवताना नेमकी तीच चूक सगळ्यांत जास्त होते.

शेवटच्या पायरीवर खास खड्डा आहे. १५४७९२ चा वर्ग २३९६०५६३२६४. त्याला ४२२१०१ ने भागलं की बारा अंकी कॅल्क्युलेटर ५६७६४.९९९९९७६ दाखवतो. कमी अंक दाखवणारं यंत्र हेच गोल करून ५६७६५ दाखवील. ते बघून कुणी ‘बाकी शून्य’ म्हणेल आणि सगळा डाव उधळेल. उलट गुणून बघा: ५६७६५ × ४२२१०१ = २३९६०५६३२६५. एक जास्त. म्हणजे बाकी उणे एक, आणि आपल्याला हवी होती तीच.

−१ आलं, म्हणून काय?

अजून सिद्ध काही झालेलं नाही. दोन गोष्टी हातात आहेत: २^२११०५० ची बाकी −१ आहे, म्हणून त्याचा वर्ग २^४२२१०० याची बाकी १. मूळ संख्येला असंच घडतं, हे फर्माचं प्रमेय. पण कधी कधी संयुक्त संख्याही असंच सोंग काढते, म्हणून पुढची पायरी लागते.

यादीत २^६३०० ची बाकी ६१४०० आहे. ६३०० हा आकडा मुद्दाम वाटेत घेतला होता, कारण ४२२१०० ÷ ६७ = ६३००. आता ६१४०० मधून १ वजा करा आणि ६१३९९ व ४२२१०१ यांचा मसावि काढा. भागाकार पद्धतीने बाक्या अशा येतात: ५३७०७, ७६९२, ७५५५, १३७, २०, १७, ३, २, १. मसावि १.

आता युक्तिवाद. समजा प ही ४२२१०१ ला भागणारी एखादी मूळ संख्या आहे. २ चे घात प ने भागत गेलं तर बाक्या फिरून फिरून येतात. बाकी १ पहिल्यांदा ज्या घातांकाला येते त्याला फेरा म्हणू. २^४२२१०० ला बाकी १ येते, म्हणून फेरा ४२२१०० ला भागतो. पण निम्म्या घातांकाला, २११०५० ला, बाकी −१ आहे, १ नाही. म्हणून फेऱ्यात ४ पूर्ण असायलाच हवा. तसंच २^६३०० ची बाकी प ने भागली तरी १ येत नाही, कारण तशी आली असती तर प ने ६१३९९ ला भागलं असतं आणि मसावि १ राहिला नसता. म्हणून फेऱ्यात ६७ हवाच. फेरा ४×६७ = २६८ च्या पटीत. आणि फर्माच्याच प्रमेयाने फेरा प−१ ला भागतो.

थोडक्यात, ४२२१०१ ला मूळ अवयव असलाच तर तो २६८ च्या पाढ्यात एक मिळवून येणारा असेल. ६४९ पर्यंत असे दोनच आकडे: २६९ आणि ५३७. ५३७ म्हणजे ३×१७९, ती मूळच नाही. २६९ ने भागून बघा: २६९ × १५६९ = ४२२०६१, बाकी ४०. भाग जात नाही. संपलं. ४२२१०१ मूळ आहे.

ही रीत पॉकलिंग्टनने १९१४ मध्ये मांडली. तिची खरी सोय अशी की शेजारीण पूर्ण फोडावी लागत नाही. आपण ३, ५, ७ वापरलेच नाहीत, फक्त ४ आणि ६७ वापरले. संख्या मोठी असेल तर शेजारणीचा एखादा गलेलठ्ठ अवयव सापडला तरी भागतं.

नेहमी अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, निम्म्या घातांकाला −१ ऐवजी १ येतो. घाबरू नका, संख्येला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ असेल तर संख्या मूळ असूनही २ ला तसंच होतं. मग २ सोडून ३ किंवा ५ घ्या. आपल्या संख्येचे शेवटचे तीन अंक १०१, आठाने भागून बाकी ५, म्हणून २ चालला. हे सुरुवातीलाच बघून घेतलं की सतरा गुणाकार वाया जात नाहीत. दुसरं, मसावि न काढता ‘६१४०० हे काही १ नाही’ एवढ्यावर थांबणं. तेवढ्याने युक्तिवाद लंगडा राहतो, कारण प्रत्येक प साठी खात्री हवी असते.

सोंगाड्या संख्या

फक्त फर्माची कसोटी लावून मोकळं होऊ नये, याचं जुनं उदाहरण ३४१. ती ११×३१ आहे, तरी २^३४० ची बाकी १ येते. ५६१ तर त्याहून बिलंदर: तिच्याशी समान अवयव नसलेला कोणताही पाया घ्या, फर्माच्या कसोटीला ती उत्तीर्णच होते. तिला पकडायचं ते वर्गमुळावर. २^२८० ची बाकी १ आहे, पण २^१४० ची ६७. (हा ६७ आणि आपल्या शेजारणीतला ६७ यांचा काही संबंध नाही, योगायोग.) मूळ संख्येच्या राज्यात ज्याचा वर्ग १ येतो तो १ किंवा −१ च असतो. इथे ६७ चा वर्ग ४४८९ = ८×५६१ + १. म्हणजे ५६१ मूळ नाही, शिवाय ६६ आणि ५६१ चा मसावि ३३ लगेच अवयव हातात देतो. ही मिलर-राबिन कसोटी. ती २ आणि ३ या दोन पायांना लावली आणि संख्या दोन्हींत उतरली, तर १३७३६५३ पेक्षा लहान असलेली ती संख्या नक्की मूळ. म्हणजे सगळे सहा अंकी पिनकोड यात बसले. फक्त २ वर मात्र भागत नाही: २०४७ = २३×८९ ही २ ला बेमालूम फसवते.

संगणकावर हे करणाऱ्यांसाठी दोनच सूचना. एक्सेल पंधरा अंकांपलीकडचे अंक शून्य करून टाकतं, त्यामुळे वर्ग घेऊन बाकी काढण्याचं काम सात अंकी संख्येपर्यंतच निर्धास्त. पायथनमध्ये आधी घात काढून मग बाकी काढू नका, मेमरी भरेल. तिथलं घाताचं ‘पॉव’ फंक्शन तिसरा आकडा भाजक म्हणून घेतं आणि प्रत्येक पायरीला स्वतःच बाकी ठेवत जातं. ‘पारी-जीपी’ हा गणिताचा प्रोग्रॅम वापरत असाल तर ‘इझस्यूडोप्राइम’ फक्त कसोटी लावतं, ‘इझप्राइम’ सिद्धता देतं. दोन्ही एकच समजू नयेत.

थोरली शेजारीण: मर्सेन संख्या

जगातल्या सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्या बहुतेक वेळा २^प − १ या रूपाच्या, म्हणजे मर्सेन संख्या, का असतात? कारण त्यांची थोरली शेजारीण म्हणजे नुसते दोन, एकमेकांना गुणलेले. याहून सोपी फोड असूच शकत नाही. त्यासाठी ल्युका-लेमर कसोटी आहे.

४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, २^प − १ ने भागून बाकी ठेवा. हे प−२ वेळा करा. शेवटी ० आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर नाही. मधलं काही नाही.

प = ७, संख्या १२७. पाच वेळा करायचं. ४ चा वर्ग १६, उणे २, १४. पुढे १९४. इथे १२७ ने भागायची गरज नाही: १२८ ने भागा आणि भागाकार व बाकी यांची बेरीज करा. १९४ म्हणजे एक वेळा १२८ आणि ६६, बेरीज ६७. पुढे ६७ चा वर्ग उणे २ = ४४८७, म्हणजे ३५ वेळा १२८ आणि ७, बेरीज ४२. पुढे १७६२, म्हणजे १३ आणि ९८, बेरीज १११. पुढे १२३१९, म्हणजे ९६ आणि ३१, बेरीज १२७, म्हणजेच ०. मूळ. संगणकाला द्विमान पद्धतीत १२८ ने भागणं म्हणजे अंकांची पट्टी एका ठिकाणी कापून दोन तुकडे करणं, भागाकारच नाही. कोट्यवधी अंकांवर हा फरक निर्णायक ठरतो.

प = ११ घेतला तर नऊ वेळा करून शेवटी १७३६ उरतात, शून्य नाही. २०४७ मूळ नाही हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. घातांक मूळ असायला हवा, पण तेवढं पुरत नाही. इथली हमखास चूक मोजणीची: सुरुवातीचा ४ हा पहिला वर्ग धरला जातो आणि फेरी एकने कमी पडते. प = २ ला ही कसोटी लावायचीच नाही.

ही कसोटी ‘संयुक्त’ म्हणते तेव्हा अवयव सांगत नाही. ल्युकाने १८७६ मध्ये २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं आणि २^६७ − १ मूळ नसल्याचंही. दुसरीचे अवयव मिळायला १९०३ उजाडलं. कोल यांनी ते दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. अवयव शोधायचेच असतील तर पाढा अरुंद करता येतो. २^प − १ चा प्रत्येक मूळ अवयव २प च्या पाढ्यात एक मिळवून येतो आणि ८ ने भागून १ किंवा ७ बाकी ठेवतो. १९३७०७७२० ला १३४ ने भागून बघा, १४४५५८० वेळा पूर्ण भाग जातो.

१२ ऑक्टोबर २०२४ ला सापडलेली २^१३६२७९८४१ − १ ही याच जातीची. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. हे मोजायला संख्या लिहावी लागत नाही: घातांकाला २ च्या लॉगॅरिदमने गुणा, पूर्णांक घ्या, १ मिळवा. फक्त शाळेच्या तक्त्यातला ०.३०१०३ वापरू नका. त्याने ४१०२४३२० च्या थोडं पुढचं उत्तर येतं आणि अंकसंख्या एकाने जास्त निघते. ०.३०१०२९९९५६६ घ्या, मग ४१०२४३१९.९४५ येतं. तो ०.९४५ ही फेकू नका: १० चा ०.९४५ वा घात साधारण ८.८, म्हणजे संख्येची सुरुवात ८८ ने होते. शेवट काढायला घातांकाला २० ने भागा. बाकी १, म्हणून २^२१ सारखाच शेवट, ५२. एक वजा केला की ५१. चार कोटी अंकांच्या संख्येची दोन्ही टोकं वहीच्या अर्ध्या पानात मिळाली.

स्वतः शोधात भाग घ्यायचा असेल तर प्राइम९५ हा मोफत प्रोग्रॅम आहे. एकेक चाचणी साध्या संगणकावर कित्येक दिवस चालते. तो अधूनमधून काम डिस्कवर साठवतो, त्यामुळे वीज गेली तरी सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. पण साठवण्याचा अवधी अर्ध्या तासावर असेल आणि तुमच्या भागात वीज सारखी लपंडाव खेळत असेल, तर तो कमी करून ठेवा. एप्रिल-मेमध्ये पंखा व हीटसिंकवरची धूळ आधी साफ करा. खराब रॅम एक बिट उलटवते आणि सगळी बाकी नासते, म्हणून या चाचण्यांत आपल्या ९ च्या कसोटीसारखीच, पण फार भक्कम अशी गर्बिट्झ तपासणी मध्येमध्ये चालते.

देवळालीचे एक

नाशिकरोडला लागूनच देवळाली. तिथले शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांचं नाव ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे जगभर गेलं, पण १, ११, १११ अशा नुसत्या एकांच्या संख्यांवरही त्यांचा जीव होता. त्यांच्या डेम्लो संख्या (१२१, १२३२१…) म्हणजे अशाच संख्यांचे वर्ग. यातल्या मूळ कोणत्या? एक किती वेळा आलाय तो आकडा स्वतः मूळ असावा लागतो, आणि तरीही बहुतेक फुटतात: १११ = ३×३७, १११११ = ४१×२७१, सात एकांची १११११११ = २३९×४६४९. दोन एकांनंतर पुढची मूळ थेट १९ एकांची, मग २३, ३१७, १०३१.

१९ एकांची शेजारीण बघा: एक वजा केला की १८ एक आणि शेवटी शून्य. शून्य म्हणजे १०. अठरा एक म्हणजे नऊ एक गुणिले १००००००००१. पूर्ण फोड २×५×३×३×७×११×१३×१९×३७×५२५७९×३३३६६७. वरची पॉकलिंग्टनची रीत तिला तशीच लागते, फक्त आकडे बारा अंकी कॅल्क्युलेटरमध्ये मावत नाहीत.

शेजारीण फुटत नसेल तर

बँकेच्या आणि वेबसाइटच्या कुलुपांत लागणाऱ्या मूळ संख्या अशा निवडक नसतात. २०४८ बिटांच्या आरएसए किल्लीसाठी (आरएसए म्हणजे दोन मूळ संख्यांच्या गुणाकारावर चालणारं कुलूप) १०२४ बिटांच्या दोन लागतात, प्रत्येकी ३०९ अंकी. एवढ्या आकारात सरासरी ७१० संख्यांत एक मूळ असते. सम आधीच वगळल्या तर साधारण ३५५ उमेदवार तपासावे लागतात. आधी लहान मूळ संख्यांनी चाळायचं, उरलेल्यांना मिलर-राबिन, पाया दर वेळी यादृच्छिक. पाया ठरावीक ठेवला तर त्याच पायांना फसवणारी संख्या कुणी मुद्दाम बनवून देऊ शकतो. पूर्ण सिद्धता हवी असेल तर लंबवर्तुळी वक्रांची पद्धत आहे. आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये दिलेली पद्धत सिद्धांतात फार मोलाची, पण रोजच्या कामात ती हळू पडते म्हणून कुणी चालवत नाही.

दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळ घेऊ नका. गुणाकार दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडला की तो फुटतो. मघाची ४२२०११ सुद्धा ७३० चा वर्ग उणे ३३३ चा वर्ग अशी उलगडते, आणि अंतर जितकं कमी तितकं हे लवकर होतं. शिवाय आरएसएच्या जाहीर किल्लीतला घातांक (सार्वजनिक घातांक) म्हणून सहसा ६५५३७ वापरतात. म्हणून प सापडल्यावर प−१ ला ६५५३७ ने भागून बघा. भाग गेला, तर प अस्सल मूळ असूनही टाकून द्यायची आणि पुढची शोधायची.